बांगड्याचा काटा कोणी काढायचा?

गोव्यात बालसंगोपनावरचे वाद हमखास दोन ठिकाणी रंगतात: बारशाच्या पंगतीत आणि बालरोगतज्ज्ञाच्या दवाखान्याबाहेरच्या बाकावर. दोन्हीकडे पक्ष तेच. एक म्हणतो, "सारखे कडेवर घेऊ नका, सवय लागेल." दुसरा म्हणतो, "लहान आहे तोवर घ्या, मग कुठे येणार आहे ते कडेवर?" हल्ली दोन्ही पक्षांना मोबाइलवरच्या सल्लागारांची कुमक मिळाली आहे, त्यामुळे आवाज वाढला आहे एवढेच. मधे सापडलेली आई दोघांचेही ऐकून घेते, रात्री मुलाला कुशीत घेते आणि सकाळी त्याबद्दल स्वतःलाच बोल लावते.

मला या वादाची मांडणीच चुकीची वाटते. जवळीक आणि स्वावलंबन ही एकाच तराजूची दोन पारडी आहेत, एक जड झाले की दुसरे हलके होणारच, असे धरून आपण भांडतो. आपल्या घरांत जवळीक जास्त झाल्याने मुले बिघडताना मला तरी दिसलेली नाहीत. दिसते ते वेगळेच. जे काम मुलाने करायचे ते आपण त्याच्या हातातून काढून घेतो आणि त्याला माया म्हणतो. मग तेच मूल तीन वर्षांचे झाले की एका सकाळी त्याला रडत रडत फाटकातून आत लोटतो आणि त्याला स्वावलंबन म्हणतो. पहिल्या गोष्टीचा दोष घराकडे जातो. दुसरीचा मात्र आपल्या शाळा, कचेऱ्या आणि सरकार यांच्याकडे जातो, म्हणून हा विषय चार भिंतींतला ठेवून चालणार नाही.

कडेवर घेतल्याने मूल बिघडते हे मत काही फक्त आजीचे नव्हे. जॉन वॉटसन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने 1928 मध्ये आयांना बजावले होते, की मुलांना मिठीत घेऊ नका, त्यांचे पापे घेऊ नका, मांडीवर बसू देऊ नका. सकाळी हवे तर हात मिळवा. आजीचे कारण निदान समजण्यासारखे होते. तिला गोठा होता, विहीर होती, चूल होती. मूल कडेवरून उतरले नाही तर घरातल्या बारा माणसांचे जेवण खोळंबणार होते. वॉटसनसाहेबांवर अशी काही पाळी आलेली नव्हती.

दुसऱ्या महायुद्धानंतर वारे फिरले. जॉन बोल्बी या ब्रिटिश मनोविश्लेषकांनी 1951 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. आईपासून, किंवा कायम आईच्या जागी असलेल्या माणसापासून तुटलेल्या लहान मुलांचे पुढे काय होते, हा त्याचा विषय. बायकांनी नोकरी सोडून घरी बसावे असे सांगायलाही पुढे त्याच विचाराचा सोयीने वापर झाला, हे विसरता कामा नये. पण बोल्बींच्या सहकारी मेरी एन्सवर्थ यांचे काम मला जास्त मोलाचे वाटते. 1950 च्या दशकात त्या युगांडात कंपालाजवळच्या खेड्यांत घरोघर जाऊन बसत, आया आणि तान्ही मुले पाहत, टिपणे काढत. त्यांना दिसले ते असे: हाक मारली की आई येईल, अशी ज्या मुलाला खात्री, तेच मूल तिच्यापासून लांब रांगत जाते. जाते, मागे वळून पाहते, परत येऊन टेकते, पुन्हा जाते. ज्याला ती खात्री नाही ते पदर सोडत नाही. म्हणजे चिकटून बसणाऱ्या मुलाला सोडवण्यासाठी त्याला दूर ढकलणे हा उपाय उलटा आहे. यानंतर अमेरिकेत, बाल्टिमोरला त्यांनी हेच नीट प्रयोग मांडून तपासले. त्यानंतर इतक्या देशांत इतक्या वेळा हे तपासले गेले आहे, की निदान "कडेवर घेतल्याने मूल परावलंबी होते" हे वाक्य तरी आता निवृत्त करायला हरकत नाही.

तरीही एक खरे, की जवळ असणे आणि ढवळाढवळ करणे यांतला फरक आपल्याला ओळखता येत नाही. तो ओळखायला गोव्यात बांगड्याइतकी चांगली जागा नाही.

मुलाला मासे खायला शिकवणे हा आपल्याकडचा मोठा अभ्यासक्रम आहे, फक्त तो कुठे लिहिलेला नाही. सुरुवात मोरी म्हणजे मुशी, किंवा इस्वण म्हणजे सुरमई, या माशांपासून होते. मोरीला काटा नसतो, कूर्चा असते. इस्वणाचा मधला काटा काढला की बाकी गोळा मऊ. आई बोटांनी चाचपून हुमण-भातात कालवते आणि भरवते. मग बांगडा. बांगड्याचा कणा मोठा, पण बाजूचे काटे फसवे. इथे पहिल्यांदा मुलाच्या ताटात अख्खी तुकडी पडते. जाणती बाई काय करते? ती मुलाच्या मांडीला मांडी लावून बसते. "पाठीकडून धर. आधी बोटाने बघ. टोचते ते बाजूला ठेव." हात आपल्याच ताटात ठेवते, नजर मात्र मुलाच्या बोटांवर. एखादा काटा तोंडात गेला तर मूल जिभेने तो ओठांपर्यंत आणायला शिकते. त्याला वेळ लागतो. भात निवतो. शेवटी येतो तारला, बारीक काट्यांचा, आणि ज्या दिवशी मूल तारले सोलून खाते त्या दिवशी घरातले कोणीतरी "शाबास" म्हणते.

आता हीच गोष्ट आज बहुतेक घरांत कशी घडते ते पाहा. सहा-सात वर्षांच्या मुलाच्या ताटात सोललेला मासा येतो. का, तर वेळ नाही, शाळेची बस येते, ते सांडते, गणवेशाला तिखट लागते. किंवा मग सरळ "त्याला मासे आवडत नाहीत" असे जाहीर होते. आणि मुलगा असेल तर हे सोलणे कधीकधी लग्नापर्यंत चालते, त्यानंतर ते खाते सुनेकडे वर्ग होते. मुलीच्या हातात मात्र दहाव्या वर्षी डाव येतो. स्वावलंबन फार लवकर शिकवले की उशिरा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या घरांत मूल मुलगा आहे की मुलगी यावर ठरत आले आहे, हे संगोपनाच्या चर्चेत कोणी बोलत नाही.

काटा काढून देणारी आई आणि मांडीला मांडी लावून बसणारी आई, दोघींची जवळीक सारखीच. किंबहुना दुसरी अधिक जवळ आहे, कारण तिचे सगळे लक्ष तिथे आहे. आणि तिसरे चित्र तर रोजचेच: मूल खुर्चीला बांधलेले, समोर मोबाइल, आणि मागून एकेक घास तोंडात जातो आहे. यात ना जवळीक, ना स्वावलंबन. मुलाला आई दिसत नाही आणि घासही दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये पाच वर्षांखालच्या मुलांसाठी जे सांगितले, त्यात दोन वर्षांपर्यंत मोबाइल-टीव्हीचा पडदा नको, आणि दोन ते चार वर्षांपर्यंत दिवसाकाठी एका तासाहून जास्त नको, एवढेच सर्वांच्या लक्षात राहिले. त्याच सूचनांत आणखी एक ओळ आहे: जागेपणी मुलाला एका वेळी तासाभराहून जास्त बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीला बांधून ठेवू नका. ती ओळ मला अधिक महत्त्वाची वाटते. मुलाला हलता आले पाहिजे.

यावर लगेच जुन्या घराचे गोडवे गायले जातात. राजांगण, तुळशीवृंदावन, सोपा, मागे कुळागर, आणि घरभर माणसे. त्या घरात एक गोष्ट खरोखर चांगली होती. मूल सतत कोणाच्या तरी डोळ्यांसमोर असे, पण कोणाच्याही डोळ्यांचे केंद्र नसे. आजी फणसाचे गरे काढत बसली की ते शेजारी बसून आठळ्या गोळा करी. कोणी त्याला शिकवत नव्हते, कोणी थांबवतही नव्हते. मानसशास्त्रज्ञ बार्बरा रोगॉफ यांनी ग्वाटेमालातल्या माया समाजात नेमके हेच पाहिले: मुले मोठ्यांच्या कामात शेजारी राहून, बघून, हात लावून शिकतात, त्यांच्यासाठी वेगळे "खेळातले काम" मांडावे लागत नाही. पुढच्या एका अभ्यासात त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भारतातल्या ढोल-की-पट्टी नावाच्या आदिवासी खेड्यातली लहान मुलेही पाहिली होती.

पण त्याच घरात उघडी विहीर होती, आणि तीत पडलेली मुलेही होती. आठ वर्षांची मुलगी कडेवर धाकटा भाऊ घेऊन दिवसभर हिंडत होती, तिचे बालपण कोणी मोजले नाही. म्हणून त्या घराकडे परत चला, असे मी म्हणणार नाही. शक्यही नाही. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत गोव्याचा एकूण प्रजनन दर 1.3 आहे. 2011 च्या जनगणनेतच निम्म्याहून बरीच जास्त वस्ती, बासष्ट टक्के, शहरी होती. म्हणजे मडगावच्या किंवा म्हापशाच्या सदनिकेत एक मूल, आणि त्याच्याभोवती आई, बाबा, आजी-आजोबांच्या दोन जोड्या. एका मुलावर सहा जोडी डोळे. ते पाण्याचा पेला उचलण्याआधीच तीन हात पुढे येतात. अशा घरात स्वावलंबन येण्यासाठी माया आटवायची गरज नाही, हात मागे घ्यायची गरज आहे. ते मायेपेक्षा कठीण आहे, कारण सांडलेले पाणी पुसायला वेळ लागतो आणि वेळ कोणाकडेच नाही.

तुर्की मानसशास्त्रज्ञ चीदेम कागितचिबाशी यांनी हा गुंता फार स्वच्छ सोडवला होता. त्यांचे म्हणणे असे, की आपण दोन वेगळ्या मोजपट्ट्या एकत्र केल्या आहेत. माणूस इतरांशी किती जोडलेला आहे, ही एक. स्वतःचे निर्णय आणि कामे किती स्वतः करतो, ही दुसरी. कोणी घट्ट जोडलेला असूनही स्वतःच्या मताचा असू शकतो. कोणी सगळ्यांपासून तुटलेला असूनही दुसऱ्याच्या हुकमावर चालू शकतो. शहरात आलेल्या तुर्की कुटुंबांत त्यांना हेच दिसले: मुलांवरचे आर्थिक अवलंबन घटले, तरी माया कमी झाली नाही, आणि मुलांच्या मोकळिकीला मात्र वाव मिळाला. गोव्यातल्या घरांचे याहून वेगळे काही होते आहे असे मला वाटत नाही.

जर्मन संशोधक हायडी केलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2004 मध्ये प्रसिद्ध केलेला अभ्यासही इथे आठवतो. कॅमेरूनमधल्या न्सो शेतकरी आया मुलांना अंगाशी फार धरतात, ग्रीसमधल्या शहरी आया समोर बसवून, डोळ्यांत बघून, खेळणी दाखवून बोलतात, कोस्टारिकातल्या मधोमध. पुढे न्सो मुले सांगितलेले ऐकणे, स्वतःला आवरणे हे लवकर शिकली. ग्रीक मुलांनी आरशात स्वतःला लवकर ओळखले. कोणते आधी आले यावरून कोणते मूल शहाणे, हे ठरत नाही. कोणाला कशाची घाई आहे, एवढेच त्यातून कळते. आपल्याला सध्या आरशाची घाई आहे. आपल्या मुलाने चार पाहुण्यांसमोर इंग्रजीत स्वतःचे नाव सांगावे, गाणे म्हणावे. चप्पल कोणत्या पायात कोणती, हे मात्र आपणच बघतो.

झोपेचा प्रश्न मी फार लांबवणार नाही. मुलाला वेगळ्या खोलीत झोपवायचे की नाही, हा ज्यांच्याकडे वेगळी खोली आहे त्यांचा प्रश्न आहे. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2022 मध्ये सांगितले ते असे, की निदान पहिले सहा महिने बाळ आईवडिलांच्याच खोलीत असावे, पण अंथरूण वेगळे आणि टणक असावे. आपल्याकडे कूस सुटणार नाही, हे मला ठाऊक आहे. तर निदान दारू प्यायलेल्या माणसाने तान्ह्या मुलाशेजारी झोपू नये आणि सोफ्यावर बाळाला घेऊन डुलकी काढू नये, हे लग्नाच्या मोसमात घरोघर सांगावे. आणि ज्यांनी मुलाला थोडे थोडे रडू देऊन झोपेची सवय लावली, त्यांनीही रात्र रात्र अपराधी वाटून घेऊ नये. ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीत सात-आठ महिन्यांच्या वयात असा उपाय केलेली मुले सहाव्या वर्षी पुन्हा तपासली, तेव्हा इतरांपेक्षा त्यांत ना तोटा दिसला, ना फायदा. 2012 मध्ये हे प्रसिद्ध झाले. थकलेल्या आईला जे जमते ते तिने करावे. यावर पंगतीत मतदान नको.

खरा मुद्दा फाटकाचा आहे.

सुधीर कक्कर हे थोर मनोविश्लेषक आयुष्याची शेवटची अनेक वर्षे आपल्या बाणावलीत राहिले; 2024 मध्ये ते गेले. भारतीय मुलाच्या मनाविषयी त्यांनी जे मांडले त्यातला एक विचार असा: आपल्याकडे मूल, विशेषतः मुलगा, पहिली काही वर्षे आईच्या मायेत अखंड बुडालेला असतो, आणि मग चार-पाच वर्षांच्या सुमाराला अचानक त्याला पुरुषांच्या, शिस्तीच्या जगात नेले जाते. हा त्याचा जणू दुसरा जन्म, आणि तो पहिल्यापेक्षा कठीण. "लालयेत् पंचवर्षाणि, दशवर्षाणि ताडयेत्" हे सुभाषित ज्यांनी पाठ केले त्यांना यात नवीन काही वाटणार नाही. पाच वर्षे लाड, मग एकदम मार. आता कायद्याने शाळेत मारता येत नाही, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने ते बंद केले. पण तो अचानक येणारा कडा गेलेला नाही. उलट तो दोन वर्षे अलीकडे सरकला आहे. आता तो तिसऱ्या वर्षी, जूनच्या पहिल्या पावसात, नर्सरीच्या फाटकाशी येतो.

काय घडते ते सगळ्यांना माहीत आहे. रेनकोटातले मूल, हातात पाण्याची बाटली, आणि फाटकाशी एक सूचना: पालकांनी मुलाला सोडून लगेच निघावे, वळून पाहू नये. मूल भोकाड पसरते. बाई त्याला आत ओढतात. आई रस्त्याच्या पलीकडे, दुकानाच्या छपराखाली उभी राहून डोळे पुसते. "चार दिवस रडतात, मग गप्प होतात," असे सगळे एकमेकांना सांगतात. आणि खरेच गप्प होतात.

या गप्प होण्यावर एकदा इंग्लंडमध्ये मोठा वाद झाला होता. तिथल्या रुग्णालयांत आईवडिलांना मुलांना भेटायची वेळ अगदी मोजकी असे. कारण तेच: आई आली की मूल रडते, नाही आली की गप्प असते. बोल्बींचे सहकारी जेम्स रॉबर्टसन यांनी 1952 मध्ये एक चित्रफीत दाखवली. आठ दिवस रुग्णालयात राहिलेली दोन वर्षांची एक मुलगी, बस. तिचे गप्प होणे म्हणजे रुळणे नव्हते, तिने आशा सोडली होती, हे पडद्यावर दिसत होते. डॉक्टर आणि परिचारिका संतापल्या, चित्रफीत खोटी ठरवू पाहिली. पण 1959 मध्ये सरकारी समितीच्या अहवालाने मुलांच्या भेटीवरची बंधने सैल करा असेच सांगितले, आणि हळूहळू आई रुग्णालयात मुलाजवळ राहणे हे सर्वमान्य झाले. आज आपल्या बांबोळीच्या इस्पितळात लहान मूल भरती झाले आणि आईला बाहेर काढले, अशी कल्पना तरी कोणी करेल का?

नर्सरीचे तीन तास म्हणजे रुग्णालयातले आठ दिवस नव्हेत. ही तुलना ताणू नये. बहुतेक मुले दोन-तीन आठवड्यांत रुळतात, हसायला लागतात, घरी येऊन बाईंची नक्कल करतात. पण "बहुतेकांचे पुढे बरे होते" हे कोणत्याही गोष्टीचे समर्थन नसते, विशेषतः तीच गोष्ट कमी त्रासात करता येत असताना.

आणि येते. जर्मनीत 1980 च्या दशकात विकसित झालेली, बर्लिनच्या नावाने ओळखली जाणारी एक पद्धत आहे. पहिले तीन दिवस आई, बाबा किंवा आजोबा मुलाबरोबर वर्गात येऊन बसतात. कोपऱ्यात बसायचे, मुलाला खेळायला लावायचे नाही, आले तर मांडी द्यायची. या तीन दिवसांत त्याला सोडून जायचेच नाही. चौथ्या दिवशी निरोप घेऊन थोडा वेळ बाहेर जायचे. बाई समजावू शकल्या तर पुढच्या दिवशी वेळ वाढवायचा, नाही समजावू शकल्या तर आणखी काही दिवस जवळ बसायचे. चोरून निघून जायचे नाही. एन्सवर्थ यांनी खेड्यांतल्या अंगणांत जे पाहिले त्याचेच हे वर्गातले रूप.

हे परदेशी वाटत असेल तर घरचे उदाहरण घ्या. ताराबाई मोडक यांनी 1945 मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांच्याबरोबर होत्या. पाड्यावरची मुले बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडीच पाड्यावर, मुलांच्या अंगणात नेली. घर दिसत असताना शाळा सुरू झाली. पुढे 2 ऑक्टोबर 1975 रोजी एकात्मिक बालविकास योजना आली, तिच्या केंद्रांनाही अंगणवाडी हेच नाव मिळाले. सत्तरीतल्या किंवा पेडण्यातल्या एखाद्या अंगणवाडीत आजही आई वा आजी उंबऱ्याशी बसलेली दिसते, आणि मदतनीस तिला हाकलत नाही. दरमहा शुल्क घेणाऱ्या शहरी नर्सरीला जे जमत नाही, ते तिथे कोणत्याही परिपत्रकाविना होते.

आपण गोवेकर शिक्षणावर भांडायला मागेपुढे पाहत नाही. 2011 मध्ये इंग्रजी प्राथमिक शाळांना अनुदान देण्याचा निर्णय झाला, तेव्हापासून मराठी-कोकणीसाठी मोर्चे निघाले, मंच उभे राहिले, 2017 ची निवडणूकही त्या मुद्द्यावर लढवली गेली. मी त्यात मातृभाषेच्याच बाजूची. पण तीन वर्षांचे मूल वर्गात कोणत्या माध्यमात शिकेल यावर एवढे रण माजवणाऱ्या आपण, ते वर्गात शिरते कसे, यावर एक सभा घेतलेली मला ठाऊक नाही. 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणाने तीन ते आठ हा वयोगट पायाभूत स्तर म्हणून शाळेच्या चौकटीत आणला. तेव्हापासून हा आईच्या मनाचा प्रश्न राहिलेला नाही, शिक्षण खात्याचा झाला आहे.

मुख्याध्यापिका म्हणतील, तीस मुले आणि तीस आया एका वर्गात? बाजार भरेल. बरोबर आहे. म्हणून सगळ्यांना एकाच दिवशी बोलवायचेच नाही. सहा-सहा मुलांचे गट करा, एकेका गटाला दोन-तीन दिवसांच्या अंतराने घ्या. महिन्याभरात वर्ग भरतो. तीन ते सहा वयाच्या वीस मुलांमागे एक प्रौढ असावा, हे 2013 च्या राष्ट्रीय बालसंगोपन व शिक्षण धोरणातच आहे. वर्गात तीस मुले आणि एकच बाई असतील तर अडचण आयांची नाही, तीसची आहे.

दुसरा आक्षेप अधिक जड आहे. वेर्ण्याच्या कारखान्यात पाळीवर जाणाऱ्या आईने आठवडाभर वर्गात बसायचे कसे? बाप जहाजावर. 2017 च्या दुरुस्तीने मातृत्व लाभ कायद्यात सव्वीस आठवड्यांची रजा आली. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवे आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाता आले पाहिजे, असेही त्यात आले. किती ठिकाणी ते प्रत्यक्ष चालू आहे, हे मजूर खात्याने एकदा मोजून जाहीर करावे. बापासाठी केंद्र सरकारच्या नोकरीत पंधरा दिवस आहेत. खासगी नोकरीत कायद्याने काहीच नाही. आणि मूल तीन वर्षांचे होते तेव्हा खासगी नोकरीत आई-बाप कोणालाच काही नाही. पाच अर्धे दिवस, आई किंवा बाप कोणीही घ्यावेत, एवढी रजा राज्य सरकारने आधी आपल्या कर्मचाऱ्यांना द्यावी. सरकारी नोकरी हे घरोघरचे स्वप्न असलेल्या राज्यात ती पद्धत खासगी कचेऱ्यांपर्यंत झिरपायला फार वर्षे लागणार नाहीत.

बांधकामावर आलेल्या मजुरांची मुले या सगळ्या चर्चेच्या बाहेर राहतात. पर्वरीत उभ्या राहणाऱ्या इमारतीच्या वाळूच्या ढिगावर तीन वर्षांची मुलगी वर्षाच्या भावाला सांभाळते. ती स्वतः जेवते, स्वतः कपडे घालते, पडली तर स्वतः उठते. तिला स्वावलंबी म्हणून कोणी शाबासकी देत नाही, कारण ते स्वावलंबन नाहीच, तिला कोणी नाही म्हणून ते आहे. तिला आधी जवळ कोणीतरी हवे. फिरती पाळणाघरे ही तिची गरज, आणि बांधकाम कामगारांच्या कल्याणासाठी बिल्डरांकडून जो उपकर घेतला जातो तो अशाच कामासाठी असतो.

आणि रस्ते. गावात पाववाल्या पोदेराचा पों-पों ऐकला की चार वर्षांचे मूल पैसे मुठीत घेऊन दारापर्यंत धावायचे, पावाच्या पोळ्या मोजून घ्यायचे. आई स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघत असे. आता त्याच वाटेवरून काळ्या पाटीच्या भाड्याच्या गाड्या सुसाट जातात. मुलाला पाठवत नाही म्हणून त्या आईला भित्री ठरवणे सोपे आहे. पंचायतीला गतिरोधक मागणे आणि तो मिळेपर्यंत पाठपुरावा करणे कठीण.

यातली बरीच कामे वर्षे खातील. एक काम मात्र पुढच्या प्रवेशाआधी होऊ शकते. नर्सरीच्या अर्जात मुलाचे आधार, रक्तगट, आईवडिलांचे शिक्षण आणि उत्पन्न असे सगळे विचारतात. त्यात आणखी चार रकाने घालावेत. मूल पाणी कोणत्या शब्दाने मागते, "उदक" की "पाणी"? शू लागली की काय म्हणते? कशाला घाबरते? आणि पहिल्या आठवड्यात त्याच्याबरोबर वर्गात कोण बसणार आहे, आई, बाबा, आजी की शेजारची मावशी? चौथा रकाना कोरा ठेवणाऱ्या पालकाला शाळेने फोन करून विचारावे, आणि तो रकानाच न छापणाऱ्या शाळेला पालकांनी.